भिंतीवरची मखमल

बारामती, ता. १६ जुलै १९३४

मेहुणे कुंडलिकराव यांस,
तुमच्या दाजींचा पाटाच्या काठावरून रामराम.

तुमची थोरली बहीण उद्याच्या सर्व्हिस मोटारीने इंदापुरास येत आहे. रतनचे पहिले बाळंतपण आत्याच्या देखरेखीखाली व्हावे असे तुम्ही लिहिलेत, तेव्हा मी मोठ्या मनाने होकार दिला. आता ती गाठोडे बांधत बसली आहे आणि ते मोठे मन लहान होत चालले आहे.

तिच्याबरोबर एक खोकलाही येत आहे. दचकू नका, तो जुनाच आहे. गेल्या पावसाळ्यात सुरू झाला, उन्हाळ्यात जरा मागे हटला, आणि आता पुन्हा ठाण मांडून बसला आहे. दिवसा मळ्यात असली की काही नाही. अंग टाकले की सुरू. पहाटे उठून एका दमात सात-आठ शिंका देते, डोळ्यांतून पाणी गळते, छातीत जत्रेतल्या पिपाणीसारखे वाजते. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाला, शेजारच्या रंगूबाईंनी सांगितलेला आल्याचा रस झाला. रसाने माझी भूक वाढली, तिचा खोकला तसाच.

बाकी घर आनंदात आहे. तुम्ही दोन वर्षांत इकडे फिरकला नाहीत, म्हणून सांगतो. पेन्शनीत निघाल्यावर मी एक चैन केली. तात्याबाच्या मळ्याकडे जाणारा पाट पूर्वी बांधाच्या कडेने सरळ जात असे. तो मी वळवून आमच्या निजायच्या खोलीच्या भिंतीला लावून घेतला. तीस वर्षे मी पोरांकडून झऱ्यांच्या नि ओढ्यांच्या कविता घोकून घेतल्या, आणि नोकरी मात्र केली ती घागरभर पाण्याला कोसभर जावे लागे अशा गावांत. आता कॅनॉलची पाळी आली की पाणी उशाशी गात येते. पाळी नसली तरी खळग्यांतून थोडे रेंगाळतेच. खाटेचे डोके मुद्दाम त्या भिंतीला केले आहे. आणि भिंत तर अशी सजली आहे म्हणता! खालून हिरवी, वर काळसर, मधून पांढरे कशिदे. परवा सहज ओठांवर आले:

पाट उशाशी गातो गाणे, भिंत नेसली मखमल हिरवी;
घर ऐसे हे ज्यास लाभले, महाल तो मग कशास मिरवी?

झडीचा शिंतोडा पुस्तकांवर येऊ नये म्हणून खोलीची खिडकी आषाढ लागल्यापासून बंदच आहे. त्यामुळे आवाज आत छान घुमतो.

रतन मोकळी झाली की महिन्याभरात हिला परत धाडावे. मला भाकरी थापता येते, पण ती गोल होत नाही.

तुमचा दाजी,
रामहरी

●

इंदापूर, ता. ४ ऑगस्ट १९३४

दाजींच्या पायांवर कुंडलिकचं डोकं.

रतनला मुलगी झाली. दोघी खुशाल. बाळाचा आवाज आक्कावर गेलाय, त्यामुळं शेजाऱ्यांना वेगळं कळवायची गरज पडली नाही.

आता आक्काचं. आली त्या दिवशी मोटारीतून उतरली ती खोकतच. छबू म्हणाली, मी वन्संची सेवा करायची की बाळंतीण लेकीची? पण चौथ्या दिवशी खोकला कमी झाला आणि आठव्या दिवशी गेला. औषध काही नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आमचं घर माळावर, दगडाचं, चारी बाजूंनी वारा. काल आक्का पाट्यावर चटणी वाटता वाटता पलीकडच्या आळीतल्या बाईशी भांडली. मी मुद्दाम कान देऊन बसलो होतो. अर्धा तास भांडण चाललं, एक ठसका नाही.

मी विचारलं, "आक्का, दाजींना काय लिहू?"

"लिही, मी हितं बरी हाय."

"आणि जायचं कधी?"

"बघू," म्हणाली, आणि वरवंटा जोरात फिरवायला लागली.

छबू तिची थट्टा करते. "वन्सं, तितं गेलं की खोकला, हितं आलं की बरं. मधी फरक काय, तर येक मास्तर!" त्यावर पार आळीत बोलवा झालीय, की इंदापूरच्या आक्काला नवऱ्याच्या कविता बाधल्या. मी कुणाला तसं म्हणालो नाही. पण दाजी, खरं सांगा, दिवसाला किती म्हणता?

तुमचा,
कुंडलिक

●

बारामती, ता. ९ ऑगस्ट १९३४

कुंडलिकराव,

नातीचे ऐकून मन भरून आले. पुढचे वाचून मात्र ते रिकामे झाले.

दिवसाला किती, हे विचारलेत म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. सकाळी दोन, जेवताना एक, आणि दिवा लावताना लहर लागेल तशा. जेवतानाची ती ऐकत नाही, असे मी इतके दिवस समजत होतो. ती ऐकत होती आणि आतल्या आत झिजत होती, हे मला काय ठाऊक?

तरी सोबत लेखी देत आहे. "मी रामहरी मास्तर, राहणार बारामती, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, सौ. ठमाबाई घरी परतल्यास मी तिच्यासमोर स्वतःची वा दुसऱ्याची कोणतीही कविता उच्चारणार नाही." ओठांतल्या ओठांत गुणगुणणे यात धरायचे की कसे, ते तिला विचारून कळवावे.

घर ओकेबोके वाटते. तिच्या लुगड्यांची पेटी वास मारते का म्हणून परवा उघडली, तर आतली घडी दमट लागली. माझ्या पुस्तकांच्या पाठीवर पांढरी लव आली आहे, जणू म्हातारपणी त्यांना मिशा फुटल्या. भिंतीवरची मखमल आता कमरेच्या वर गेली. एका ठिकाणी हुबेहूब कोकणपट्टी उमटली आहे, खाड्यांसकट. शाळेत असतो तर भूगोलाला दाखवली असती.

माझाही घसा सकाळी जरा धरतो, शिंका येतात, डोके जड होते. विरह, दुसरे काय.

गौरी येण्याआधी तिला आणून सोडा. मी तोंड मिटून उभा असेन.

तुमचा,
रामहरी

●

इंदापूर, ता. २४ सप्टेंबर १९३४

दाजी,

गौरी यायच्या दोन दिवस आधी आक्काला मी तुमच्या दारात सोडलं आणि गौरी जायच्या आतच परत घेऊन आलो. मोटार सुटताना तुमच्याशी धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही शब्द पाळलात. चार दिवस तुम्ही तोंड उघडलं नाहीत, मी साक्षीला आहे. मीठ पाहिजे तरी बोट दाखवत होतात. आणि तरी दुसऱ्या दिवशीच तिच्या छातीत पिपाणी वाजायला लागली. चौथ्या दिवशी तर बसल्याशिवाय श्वास घेता येईना. तेव्हा कविता निर्दोष सुटल्या. छबूनंही मान्य केलं.

पण अंगणात रंगूबाई जे बोलली ते तुम्ही ऐकलं नाहीत. आक्कानं ऐकलं. "क्षय हाय ह्यो. भांडी येगळी करा हिची." त्या दिवसापासून आक्कानं स्वतःचा पेला वेगळा केलाय. इथं आल्यावर खोकला चार दिवसांत पुन्हा गेला, पण ती बाळाला मांडीवर घेत नाही. लांबून बघते. भांडत नाही. आक्का भांडत नाही म्हणजे किती वाईट, ते तुम्हाला मी काय सांगू?

परवा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. नळी लावून छाती ऐकली, थुंकी दोन वेळा तपासली, वजन केलं. म्हणाले, "हा क्षय नाही." आक्काचा विश्वास बसेना. मग त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"कुठं असताना त्रास होतो?"

"घरी."

"मळ्यात?"

"न्हाय."

"निजल्यावर?"

"व्हय. डोकं टेकलं की."

"उशाला काय आहे?"

आक्का म्हणाली, "भिंत हाय." आणि वर जोडलं, "तिच्यावर बाग लावलीया मास्तरांनी."

डॉक्टर हसले. मग मी तुमची पत्रं आणि तिथं डोळ्यांनी पाहिलेलं आठवून भिंतीलगतचा पाट, मखमल, कोकणपट्टी, पुस्तकांच्या मिशा सगळं सांगितलं, तेव्हा हसायचे थांबले. म्हणाले, ही बुरशी. ओल मिळाली की भिंतीवर, कापडावर, कागदावर, कशावरही धरते. तिचा भुकटीसारखा बारीक अंश डोळ्यांना दिसत नाही, पण हवेत उडतो आणि श्वासाबरोबर आत जातो. कुणाला काहीच होत नाही, कुणाचं नाक गळतं, आणि ज्याची छाती हळवी त्याला असा दमा उठतो. बंद खोलीत तर जास्तच. मी विचारलं, "मग दाजींना का नाही?" तर म्हणाले, "नाही, असं त्यांनी सांगितलंय का?"

औषध दिलंय. पण म्हणाले, औषध बादलीभर आणि रोग पाटभर असेल तर काय उपयोग? आधी पाणी तोडा. ओल गेल्याशिवाय खरवडून, चुना लावून काही होत नाही, ती वर येते. खरवडताना नाका-तोंडाला ओलं फडकं बांधा, कोरडं झाडू नका, आणि त्या वेळी आक्का घरात नको.

दाजी, आता तुमच्या हातात आहे.

कुंडलिक

●

बारामती, ता. १ ऑक्टोबर १९३४

कुंडलिकराव,

क्षय नाही! हे दोन शब्द मी अंगणात उभा राहून रंगूबाईंना ऐकू जातील अशा आवाजात तीनदा वाचले. त्या म्हणाल्या, "मी कुठं तसं म्हनलं?"

डॉक्टरांचे ज्ञान मोठे असेल. पण बिचाऱ्या भिंतीवर एवढा आळ? रानावनांत काय कमी शेवाळ असते? ऋषी तिथेच राहत आणि शंभर वर्षे जगत. तरीही तुमच्या शब्दाचा मान म्हणून मी एका दुपारात बंदोबस्त करून टाकला. भिंतीवर शेणमातीचा जाड हात दिला, वरून चुन्याचे दोन हात. आता ती बगळ्याच्या पंखासारखी पांढरी दिसते. धूप घातला. वर निळा पडदा टांगला आहे, म्हणजे तिला जुनी आठवणही नको.

पाटाचे म्हणाल, तर तो बिचारा बाहेरून वाहतो. तो आत येत नाही.

तेव्हा तिला दसऱ्याला पाठवावे. सोने मी लुटून आणीन. मला ते दर वर्षी तिच्याच हातावर ठेवायची सवय आहे.

तुमचा,
रामहरी

●

इंदापूर, ता. १२ ऑक्टोबर

मास्तरास्नी,

रतन लिहितीया, मी सांगतीया. रतन म्हनली आत्या, शुद्ध करून लिहिते. मी म्हनलं नगं, मास्तरच वाचनार हायती, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचंच शुद्ध केलंया, करतील.

तात्याबा मेंढरांच्या बाजाराला आलता. भाकरी खायला घरी बसला. मी इचारलं, भिंत कशी हाय? तर म्हनला, "वयनी, चुन्यातनं काळं वर आलंया, पडद्याला बी लागलंया. मास्तर रोज सकाळी पडदा सरळ करत्यात आन् तसंच बसत्यात." तुमच्या पत्रात ह्ये न्हवतं.

पर तुमास्नी काय बोलू? मी बी लपवलं.

पाट वळवला त्या दिशी तुमी माझा हात धरून भिंतीपाशी न्हेलं. म्हनलासा, "ठमे, ऐक. तीस वर्सं तुला कोरड्या गावांतनं फिरवली. आता ही तुझी पेन्शन." तुमचं डोळं भरलं हुतं. मग मी काय सांगनार? पयल्याच पावसात मला वास आलता, भिजल्या बारदानावानी. उशी गार लागायची. गोधडी वाळायची न्हाय. मी म्हनलं, मास्तर खूश हायती, ऱ्हाऊ दे. मला तुमच्या कवितेचा तरास कंदीच न्हवता. जेवताना ऐकत न्हाय असं दाखवायची, कारन ऐकतीया कळलं तर तुमी भाजी सोडून दुसरी म्हनायला लागता.

डागदर म्हनतो क्षय न्हाय. मला कळतं. तरी पेला मिसळायला हात धजत न्हाय. रतनची पोर माझ्याकडं बघून हात नाचिवती आन् मी लांब बसती. ह्ये असं बाहीरचं हून मी ऱ्हानार न्हाय, हितं बी न्हाय आन् तितं बी न्हाय.

माझं घर हाय त्ये. मला यायचंय. पर ती भिंत आन् मी, दोघी एका खोलीत मावत न्हाय. आदी पाट हलवा. मग बोला.

ठमा

(मी रतन. आत्या सांगताना मधेच उठून बाहेर गेली होती. डोळे पुसून आली. हे लिहू नको म्हणाली होती.)

●

बारामती, ता. २९ ऑक्टोबर १९३४

सौ. ठमाबाईस,

अडतीस वर्षांच्या संसारात तुला हे माझे पहिलेच पत्र. आपण कधी इतके दिवस लांब राहिलोच नाही. रतन, मोठ्याने वाच, पण जवळ छबूबाई असतील तर तिसरा परिच्छेद गाळ.

तुझे पत्र मिळाले तेव्हा मी पडद्यासमोरच बसलो होतो. पत्र वाचले. मग पडदा काढला. मागे काय होते ते तात्याबाने सांगितलेच आहे. मी चुना लावून तुला फसवणार होतो, ठमे. आधी स्वतःला फसवले, मग कुंडलिकला, आणि तुझी पाळी दसऱ्याला येणार होती. सकाळच्या शिंकांना मी विरह म्हणत होतो. जड डोक्याला चिंतन म्हणत होतो. खोली सोडून ओसरीवर आठ दिवस निजलो आणि विरह तेवढाच राहिला, शिंका गेल्या.

तू घरात नसलीस की पाटाचे गाणे कसे वाटते, ते सांगू? कोणी भांडी आपटत असल्यासारखे. आणि भांडी आपटणारी तू नाहीस. दसऱ्याचे सोने मी देव्हाऱ्यात ठेवले आहे. पाने वाळली. तरी तुलाच द्यायची आहेत.

असो. मी कुदळ घेऊन तात्याबाकडे गेलो. म्हटले, पाट जुन्या जागी न्यायचा. तो बसल्या जागेवरून उडालाच. "मास्तर, दोन वरसं झाली, तुमची कविता माझ्या वांग्यांचं पानी पीत हुती! पानी तुमच्या भिंतीतच मुरायचं. तुमी मास्तर, म्हनून गप ऱ्हायलो." म्हणजे गप्प राहणारे आणखी एक निघाले. माझ्या एका हौसेपायी केवढी माणसे सभ्यपणाने सोसत होती! दोन दिवसांत आम्ही बांधाकडचा जुना पाट मोकळा केला. भिंतीलगतचा खळगा मुरूम टाकून बुजवला, घराकडून बाहेर उतार दिला.

मग भिंत. नाका-तोंडाला ओले फडके बांधले तेव्हा रंगूबाई दरोडेखोर आले म्हणून ओरडल्या. पाणी शिंपडत, भुकटी उडू न देता, छातीच्या उंचीपर्यंतचा सगळा गिलावा उतरवला. ढेकळे पोत्यात भरून लांब खड्ड्यात पुरली. जमीन झाडली नाही, ओल्या फडक्याने तीनदा पुसली आणि फडकी टाकून दिली. कापसाची गादी वाचण्यासारखी नव्हती, ती गेली. गोधड्या नि तुझी लुगडी उकळत्या पाण्यातून काढून पाच दिवस उन्हात पालथी-उलथी केली. इरकलीवर दोन डाग राहिले आहेत, त्याबद्दल माझ्याशी भांड. नीट भांड.

पुस्तकांतली बरीचशी उन्हात सावरली. अकरा गेली. माझी पेन्शनीतल्या कवितांची वही उघडायला गेलो तर पानांची वीट झाली होती. मी ती हातात घेऊन उभा होतो. तात्याबाने विचारले, "कुनी वाचल्या हुत्या का?"

"नाही."

"मंग कुनाचं काय गेलं?"

मी वीट पोत्यात टाकली. पोते फार जड नव्हते.

आता भिंत नागडी उभी आहे. खिडकी दिवसभर उघडी. ऑक्टोबरचे ऊन सरळ तिच्या अंगावर येते. नवा गिलावा आणि चुना ती पुरी वाळल्यावरच. रोज दुपारी मी गाल लावून बघतो. अजून खालचा हातभर भाग गार लागतो. मी घाई करणार नाही, आणि तूही करू नकोस.

तुझा,
मास्तर

●

इंदापूर, ता. १४ नोव्हेंबर १९३४

दाजींना दंडवत.

तुमचं पत्र आक्कानं रतनकडून तीनदा वाचून घेतलं. तिसरा परिच्छेद छबूच्या समोरच. छबू आता मला रोज विचारते, तुम्ही मला कधी पत्र लिहिणार? दाजी, तुम्ही घरोघरी भांडणं लावलीत.

भाऊबीज झाली. त्या दिवशी पंगतीची भांडी घासताना छबूनं आक्काचा वेगळा पेला उचलून सगळ्यांत टाकला आणि ढवळला. सात पेले, सगळे सारखे. आक्का म्हणाली, "अगं, माझा कुठला?" छबू म्हणाली, "वळखा." आक्का बराच वेळ शोधत बसली. मग एक उचलला, पाणी प्यायली, आणि बाळाला मांडीवर घेतलं. बाळानं लगेच मांडी ओली केली. मी बाहेर जाऊन तंबाखू मळत बसलो. डोळ्यांत काही गेलं होतं.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. छाती स्वच्छ आहे. म्हणाले, जाऊ दे घरी, पण आधी काही दिवस ओसरीवर निजू दे, मग खोलीत. धाप लागली, ताप आला, वजन उतरलं, तर घरगुती काढे करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि कुठंही पुन्हा ओल दिसली की ती कुठून येते ते आधी शोधा.

आक्का येत्या आठवड्यात येतेय, पण अटीवर. भिंत ती स्वतः बघणार. पसंत पडली नाही तर त्याच मोटारीनं परत. ड्रायव्हर आमच्या ओळखीचा आहे. तुमच्या दारात गाडी उभी ठेवायला सांगितलंय.

तुमचा,
कुंडलिक

●

बारामती, ता. ३ डिसेंबर १९३४

कुंडलिकराव,

तुम्ही सविस्तर कळवा म्हणालात, म्हणून थेट मोटारीपासून सांगतो.

मोटार दारात आली. ठमाबाई उतरली, गाठोडे मात्र आतच ठेवले. माझ्याकडे पाहिलेही नाही, सरळ खोलीत गेली. मी उंबऱ्याशी उभा. तिने आधी भिंतीला पंजा लावला. मग गाल. मग चारी कोपऱ्यांत वाकून वास घेतला. खाट हलवून मागे पाहिले, पेटी उघडून लुगडी हुंगली, खिडकीची झडप दोनदा उघडून मिटली. नंतर बाहेर जाऊन, पूर्वी पाट वाहत होता तिथली माती मुठीत घेऊन दाबली. बाहेर ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. मोटारीतले उतारू तोपर्यंत खाली उतरून अंगणात जमले होते. त्यांना वाटेत सगळी हकीकत कळलेली. एक फेटेवाला मला म्हणाला, "मास्तर, पास व्हनार का?" तीस वर्षे मी परीक्षा घेतल्या, पण निकालाच्या दिवशी पोरांवर काय बेतते हे मला ठाऊक नव्हते.

ती बाहेर आली. माती झटकली. म्हणाली, "गाठोडं द्या हिकडं. आन् तुमी जावा मोटार घिऊन."

उतारूंनी आरोळी ठोकली. तात्याबाने प्रत्येकाला एकेक वांगे दिले.

आठ दिवस ती ओसरीवर निजली. मग खोलीत. खाट आता मधोमध आहे, भिंतीपासून हातभर दूर. खिडकी रात्रंदिवस उघडी, पुस्तके उंच फळीवर. आज तिला येऊन पंधरा दिवस झाले. पिपाणी नाही, शिंक नाही. रंगूबाई आल्याचा रस घेऊन आल्या होत्या, तो तिने त्यांनाच पाजला. माझ्या कवितांवरची बंदी उठली आहे, पण जेवताना नाही. हा हुकूम नवा आहे.

कालची हकीकत मात्र ऐका. मी अंगणात वाचत बसलो होतो. आतून खोकला ऐकू आला. एक, दोन, मग लागोपाठ. हातातले पुस्तक कुठे पडले ठाऊक नाही. मी धावत खोलीत गेलो, भिंतीला गाल लावला. कोरडी. खालपर्यंत गुडघ्यांवर रांगत हात फिरवला. कोरडी. तरी कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि तशीच घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. फडके सापडेना म्हणून धोतराचा सोगा नाकाला लावलेला.

ती चुलीपुढे बसली होती. कढईतून धूर येत होता. डोळे पुसत तिने माझ्याकडे पाहिले. आधी कुदळीकडे, मग सोग्याकडे, मग मातीने भरलेल्या माझ्या गुडघ्यांकडे.

"मिरच्यांची फोडनी हाय वो ही," ती म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता तिने कढई उतरवली, मला खाली बसवले, तरी हसतच होती. कुंडलिकराव, किती वेळ हसली सांगू? भाकरी तव्यावर करपून तिला वास येईपर्यंत. आणि तेवढ्यात मध्ये एकदाही तिला दम घ्यायला थांबावे लागले नाही.

तुमचा,
रामहरी